मुठीतली बी

जरा बसा.

मांडी घालता आली तर घाला. नाही तर पाय पसरा, पाठ भिंतीला टेका. इथे ताठ बसायला कुणी सांगणार नाही.

डहाणू तालुक्यातल्या एका पाड्यावरची ही अंगणवाडी. एक खोली, पुढे पडवी, मागे खिचडी शिजते ती जागा. आषाढ लागला आहे. आवणीचे दिवस. मोठी माणसं शेतात वाकलेली, गुडघाभर चिखलात. तीन ते सहा वर्षांची मुलं इथे, सतरंजीवर गोल करून.

त्या गोलात दोन मुलांच्या मधे थोडी जागा आहे. तिथे या.

श्वास आत येऊ द्या. बाहेर जाऊ द्या.

पुन्हा एकदा.

दमट सतरंजीचा वास येतो. खोबरेल तेलाचा येतो, कुणाच्या तरी डोक्यावर सकाळीच थापलेल्या. त्यामागून चुलीच्या धुराचा, कपड्यांत मुरलेला. शेजारच्या मुलीच्या झग्याचा धूर वेगळा, पलीकडच्या मुलाच्या सदऱ्याचा वेगळा. एका घरी लाकडं जळतात, दुसऱ्या घरी गोवऱ्या.

मुलांना हे ठाऊक आहे. सांगता येणार नाही, पण ठाऊक आहे. आठवडा-दहा दिवसांचं बाळसुद्धा आपल्या आईच्या दुधाचा वास ओळखून मान तिकडे वळवतं.

तुमच्या घरालाही एक वास आहे. तो तुम्हाला येत नाही, पाहुण्यांना येतो.

त्या वासाशी थोडं थांबा. आठवत नसेल तरी थांबा.

ताई सूप घेऊन फिरते आहे. सुपात चिकूच्या बिया, धुऊन वाळवलेल्या. डहाणू-घोलवडकडे चिकूच्या वाड्यांना तोटा नाही, आणि फळ खाल्ल्यावर बी कुणी जपून ठेवत नाही. म्हणजे साहित्य फुकट.

ही इथली जुनी रीत आहे. बोर्डी इथून जवळच. १९४५ साली ताराबाई मोडक तिथे आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि गावात बालवाडी सुरू झाली. मारिया मॉन्टेसरीबाईंच्या बालशिक्षणाच्या पद्धतीत गुलाबी मनोरा असतो, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतचे दहा लाकडी ठोकळे. असा मनोरा पाड्यावर कुठून आणायचा? मग शिंपले आले, खडे आले, पानं, पिसं, बिया आल्या. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथेही मुलं येईनात, तेव्हा या दोघी बालवाडीच उचलून मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या.

तेवढं ऐकून ठेवा आणि पुन्हा सुपाकडे या.

प्रत्येकाला एक बी.

तुमच्याही तळहातावर एक ठेवली आहे. घरी बसून वाचत असाल तर चिंचोका घ्या, राजम्याचा दाणा घ्या, सदऱ्याचं तुटलेलं बटण घ्या. हातात काहीतरी असू द्या.

तिच्याकडे पाहा. पाहण्याखेरीज दुसरं काही करू नका.

काळी. तुकतुकीत. लांबट, चपटी. एका कडेवर पांढरट पट्टी. टोकाजवळ बारीक आकडा.

आता अंगठ्याने चाचपा.

चपट्या अंगावरून अंगठा घसरतो. पांढऱ्या पट्टीवर अडखळतो. आकड्याशी थांबतो. टोचतं, पण जरासंच.

या आकड्याचं एक सांगायला हवं. चिकूची बी चुकून लहान मुलाच्या घशात गेली, तर याच आकड्याने ती अडकून बसू शकते. म्हणून बिया वाटताना ताईची नजर मुलांच्या हातांवर कमी आणि तोंडांवर जास्त असते. सगळी खोली डोळे मिटून बसली तरी ती नजर मिटत नाही. अगदी धाकट्यांच्या हातात तर ती बी देतच नाही, मोठासा शिंपला देते.

मूठ मिटा.

डोळेही मिटा. वाचायचं असेल तर अर्धे मिटा. मुलांतही दोघं-तिघं अर्धेच मिटतात आणि पापण्यांच्या फटीतून शेजाऱ्याची मूठ बघतात. ताईला ते दिसतं. ती काही बोलत नाही.

बी गार आहे.

तिथेच राहा.

श्वास येतो. श्वास जातो. मुठीला काही करायचं नाही.

बी आता तितकी गार नाही.

हे कधी झालं, ते पकडता येतं का पाहा. गार होती आणि आता कोमट आहे. मधला क्षण सापडत नाही. हाताने बीला ऊब दिली. बीने हाताला थोडा गारवा दिला. आता दोघं सारखीच.

आणखी थांबा.

आता एक गंमत होते. बी जाणवेनाशी होते. मूठ तीच, बीही तीच, पण मधे काही आहे असं वाटत नाही. त्वचेचा स्वभावच तसा. जे हलत नाही त्याची खबर ती देत राहत नाही. अंगावरच्या कपड्याचं दिवसभर आपल्याला भान नसतं, ते यामुळेच.

मूठ किंचित हलवा.

आली परत. आकडा, पट्टी, टोक. सगळं परत आलं.

पुन्हा स्थिर व्हा. पुन्हा ती नाहीशी होऊ द्या. पुन्हा हलवा. मुलं हे कितीदाही करू शकतात. आपण मोठी माणसं दोनदा करून कंटाळतो. कंटाळा आला तर त्यालाही बसू द्या शेजारी.

बी कुठे संपते आणि तुम्ही कुठे सुरू होता?

उत्तर देऊ नका. मुलांनाही कुणी विचारलेलं नाही. ती फक्त मूठ हलवतात, थांबवतात, हलवतात.

आईच्या पोटात सगळ्या इंद्रियांच्या आधी स्पर्श जागा होतो. दुसरा महिना सरत असतो, बाळ अजून बोटाच्या पेराएवढं, आणि ओठांभोवतीच्या कातडीला स्पर्श कळू लागतो. डोळे, कान पुष्कळ नंतर. बोटांवरच्या रेषाही त्याच अंधारात उमटतात, आणि जन्माच्या कितीतरी आधी कायमच्या ठरून जातात. जुळ्यांच्याही त्या एकसारख्या नसतात.

त्या रेषा आत्ता बीला टेकलेल्या आहेत.

हळूच डोळे उघडा.

समोरची भिंत गेरूने सारवली आहे. तिच्यावर तांदळाच्या पिठाचे पंजे. मुलांनी पिठात हात बुडवून उमटवलेले, काही नीट, काही फराटलेले. प्रत्येकाखाली ताईने खडूने नाव लिहिलं आहे. नाव मुलांना वाचता येत नाही. पंजा मात्र जो तो बरोबर ओळखतो. येता-जाता आपला तळहात त्यावर लावून बघतो.

चैत्रात उमटवलेला पंजा दिवाळीपर्यंत लहान पडेल. मूल हात लावेल आणि बोटांची टोकं पिठाच्या बाहेर येतील. मग ते भिंतीकडे बघेल, आपल्या हाताकडे बघेल, पुन्हा भिंतीकडे बघेल.

तुमचा तळहात उघडून पाहा. बीचा ठसा उमटला आहे का? फिकट लालसर. तो जाईपर्यंत पाहत राहा.

दाराजवळ आरसा आहे. खूप खाली टांगलेला. मोठं माणूस समोर उभं राहिलं तर त्याला त्यात फक्त आपले पाय दिसतात. आरशाशेजारी खुंटीला फणी. बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हा शिक्षणाचाच भाग होता. ते पाहायला येणाऱ्यांना कदाचित किरकोळ वाटत असेल. मला तो सगळ्यांत भारी तास वाटतो. मूल भांग पाडून झाल्यावर आरशात बघतं, आणि ज्याचे केस नीट झाले ते आपणच, हे त्याला कळतं.

दीड-दोन वर्षांपर्यंत हे कळत नाही. नकळत नाकाला रंगाचा ठिपका लावून मुलाला आरशासमोर ठेवलं, तर लहानगं आरशातल्या मुलाकडे हात नेतं. थोडं मोठं झालं की हात स्वतःच्या नाकाकडे जातो.

आरशापर्यंत गेलेला हात नाकाकडे वळतो. तो हात वळताना पाहा. मनातल्या मनात, सावकाश.

आता पुन्हा जागेवर.

पुन्हा मूठ. पुन्हा डोळे.

ताई म्हणते, “शांतीचा खेळ.” एवढंच म्हणते.

लगेच शांतता होत नाही. कशी होईल? गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातले मास्तर पहिल्याच दिवशी मोठ्या उमेदीने हा खेळ घ्यायला जातात आणि पोरं गलका करून तो उधळून लावतात. शिक्षणावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने ते पान दारावर चिकटवावं. शांत बसा असं सांगून कुणी शांत होत नाही, फार तर गप्प होतं.

म्हणून ताई थांबते. स्वतः शांत होते. खांदे सैल सोडते. तिचा पदर हलायचा थांबतो. मग शेजारचं मूल थांबतं. मग त्याच्या शेजारचं.

तुम्हीही थांबा.

हा खेळ लांबून आला आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरी यांनी पहिलं बालगृह उघडलं. पुढे एके दिवशी तिथल्या अंगणात त्यांना एक बाई भेटली, कडेवर चार महिन्यांची मुलगी. त्यांनी ती मुलगी मागून घेतली आणि वर्गात आणली. कापडात गुंडाळलेली, अगदी शांत. हिचे पाय कसे हलत नाहीत बघा, हिचा श्वास कसा ऐकू येत नाही बघा, असं मुलांना दाखवलं. मुलं बघत राहिली. बघता बघता त्यांचेही पाय थांबले, श्वास हलके झाले. आणि घड्याळाची टिकटिक ऐकू आली. घड्याळ रोज तिथेच होतं.

इथे घड्याळ नाही. पाऊस आहे.

ऐका.

पत्र्यावर पाऊस एकसारखा आहे. तो फार वेळ ऐकू नका, नाही तर तो मुठीतल्या बीसारखा नाहीसा होईल. त्याच्या कडेला जा. पत्र्याच्या टोकाला पागोळ्या लागल्या आहेत. त्या एकसारख्या नाहीत. एक जड, एक हलकी. खाली कुणीतरी टोप ठेवला आहे, त्यात पडणाऱ्या थेंबाचा आवाज भरत चालला आहे.

त्याच्याही पलीकडे बेडूक.

पलीकडे, खूप लांब, चढावर घरघरणारा टेम्पो.

आता कान जवळ आणा. मागच्या बाजूला मदतनीस डाव टोपाच्या कडेवर आपटते. एकदा. फोडणी तडतडते, जिऱ्याचा वास कानाच्या आधी पोचतो की नंतर?

आणखी जवळ. कुणाचं तरी नाक सूं सूं करतं. पावसाळा आहे.

आणखी जवळ. तुमचा स्वतःचा श्वास. गिळलेल्या थुंकीचा बारीक आवाज.

इथे राहा.

जिभेचं काय, असं कुणी विचारेल. जीभ खिचडीची वाट बघते आहे. तिची पाळी येईल.

ताई उठते. तिच्या चपलेचा आवाज होत नाही, तिने ती काढून ठेवली आहे. ती दाराबाहेर पडवीत जाते आणि भिंतीच्या आड उभी राहते. आता ती कुणालाच दिसत नाही, तिला मात्र सगळी दिसतात.

आणि तिथून एक नाव येतं. कुजबुज. शेवटचा स्वर जरा लांबवलेला.

“सोमी…”

कुणी जागचं हलत नाही. मग एक मुलगी डोळे उघडते. उठते. सतरंजीच्या कडेवरून, टाचा उचलून, दोन्ही हात थोडे बाजूला धरून चालत जाते. मूठ मिटलेली. पैंजण वाजू नये म्हणून पाय जपून टाकते. तरी एकदा वाजतंच. ती तिथेच थांबते. मग पुन्हा निघते.

“बुध्या…”

पाड्यावर पुष्कळ नावं अशीच, जन्माच्या वारावरून पडलेली. हजेरीपटावर दुसरं काही असेल, कुणी शहाण्याने नीटनेटकं करून लिहिलेलं. ताई हजेरीपट पडवीत नेत नाही. ज्या नावाने आई अंगणातून हाक मारते, ते नाव ती घेते.

बाकीची मुलं ऐकत असतात. दुसऱ्याचं नाव येतं, कानावरून जातं. आपलं येतं तेव्हा काय होतं?

याच्याशी थोडा वेळ राहा.

साडेचार महिन्यांचं बाळ इतर नावांपेक्षा आपल्या नावाचा आवाज जास्त वेळ ऐकतं. त्याला अजून बसता येत नाही. आरशातलं मूल कोण, ते कळायला पुरतं वर्ष जायचं आहे. ‘मी’ म्हणायला त्याहून उशीर. पण इतक्या लोकांनी, इतक्या वेळा, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन तो एक आवाज केलेला असतो, की तो आवाज आला की ते थबकतं.

तुमचं नाव कोणत्या आवाजात येईल?

घाई करू नका. कार्यालयात घेतात ते नाव आधी येईल, येऊ द्या, जाऊ द्या. लग्नात बदललेलं असेल तर त्याच्या आधीचं येईल. मग घरचं. बाळ्या, बेबी, नानी, असं काहीतरी, चारचौघांत कुणी घेतलं तर लाज वाटावी असं. ते नाव घेणारं माणूस आता नसेलही. तरी त्या माणसाचा आवाज त्या नावाला चिकटलेला असतो. नाव उच्चारायचं नाही. आत येऊ द्यायचं. कोणत्या बाजूने येतं? घरातून, की अंगणातून? कोणत्या कानाशी?

श्वास.

थांबा तिथे.

आणखी एक नाव जातं. आणखी एक. गोलातली जागा वाढते. पडवीत मात्र गर्दी, ताईच्या पदराला धरून उभी, सगळी गप्प, डोळे मोठे.

ताईजवळ पोचल्यावर मिळत काहीच नाही. मॉन्टेसरीबाईंनी वाट बघणाऱ्या मुलांसाठी एकदा खाऊ ठेवला होता. मुलांनी तो घेतला नाही. बाईंनाच नवल वाटलं.

आता एकच मूल उरलं आहे.

त्याच्यापाशी बसू या.

त्याचे डोळे घट्ट मिटलेले. मूठ इतकी आवळलेली की बोटांची पेरं पांढरी पडली आहेत. त्याला माहीत आहे की शेजारी कुणी नाही. सतरंजीचा गारवा आता दोन्ही बाजूंनी येतो. पाऊस वाढला आहे. या पावसात नाव आलं आणि ऐकूच आलं नाही तर? किंवा येऊन गेलं असेल तर?

तो डोळे उघडत नाही. मान थोडी तिरकी करतो. अख्खा मुलगा त्या एका कानाशी आला आहे.

वाट पाहा त्याच्याबरोबर. तुमची मूठ कशी आहे? तीही आवळली असेल. सैल करा. बी पडणार नाही.

पत्रा वाजतो.

पागोळ्या वाजतात.

आणि मग ते येतं, पावसाच्या खालून, अगदी बारीक.

तो उठतो आणि धावत सुटतो. टाचा-बिचा उचलायचं राहूनच जातं. पाय फरशीवर धाड धाड वाजतात, आणि पडवीतली सगळी पोरं हसतात.

खेळ संपला. ताई सूप पुढे करते, सगळ्या मुठी त्यात उघडतात, ती सूप हलवते. “आता ज्याने त्याने आपली बी हुडका.”

कुणी आकडा चाचपतं, कुणी बी गालाला लावतं, कुणी हुंगतं. आपल्याला सगळ्या सारख्याच दिसतात. दोघांना एकच बी आपली वाटते आणि ओढाताण होते. “माझीये!” “माझीये ती!” ताई निवाडा करत नाही. दुसरीकडेच बघत राहते.

तेवढ्यात पैंजणवाली विचारते, “ताई, तुला नाय कोणी बोलावलं?”

“मला कोण बोलावणार?”

“तुझं नाव काय?”

ताई सांगते. मुलांना ते नवीनच असतं. ती एकमेकांकडे बघतात, एकदा म्हणून बघतात, आणि ताईला ढकलत ढकलत आत सतरंजीवर नेऊन बसवतात. डोळे मिटायला लावतात. एक जण तिच्या मुठीत बी कोंबतो. मग सगळी पडवीत पळतात आणि एकदमच, प्रत्येक जण आपापल्या तालात, गळा काढून तिचं नाव घेतात. कुजबुजायचं असतं हे कुणाच्या लक्षात राहत नाही. समोरच्या वाडीतला कुत्रा भुंकायला लागतो.

“हात धुतले का?” मागून मदतनीस ओरडते. “खिचडी निवते हां.”

तुमची बी खिशात टाका आणि लागा रांगेत.